मापाडी

लग्नाच्या मुलीची माहिती लिहून देणे हे शाळामास्तराचे एक बिनपगारी काम आहे. आमचे अक्षर चांगले असते, अशी लोकांची समजूत. त्यातून मी कादंबऱ्या लिहितो, म्हणजे थोडे खोटे लिहायलाही मला जड जाणार नाही, अशी दुसरी समजूत! गेल्या चैत्रात मी आतेभावाच्या घरी वाशीला गेलो तो याच कामासाठी. पुतणीचे नाव, जन्मवेळ, शिक्षण, उंची, सारे भराभर लिहून झाले. ‘वडिलांचा व्यवसाय’ या ओळीशी मात्र लेखणी थबकली.

“लिहा, हॉटेलात मॅनेजर,” वहिनी आतून म्हणाल्या.

दादा खिडकीशी दाढी करीत होता. त्याने मान वळवलीसुद्धा नाही. “मास्तर, मी मॅनेजर नाही. मी बारच्या काउंटरवर आहे. आहे ते लिही.”

घरात शांतता पसरली. मी पेनाला टोपण लावले आणि चहा मागितला. अशा वेळी चहासारखा दुसरा आधार नाही.

दादाचे वडील, म्हणजे आमचे आतोबा, दाणाबंदरात मापाडी होते. मुंबईचा घाऊक बाजार टप्प्याटप्प्याने खाडी ओलांडून आला. कांदा-बटाटा १९८१ साली, मग दाणा आणि मसाला, आणि भाजी-फळे १९९६ साली. दाण्याच्या पाठोपाठ आतोबाही वाशीला आले. तराजूपुढे उभे राहिले की त्यांचा चेहरा देवळातल्या पुजाऱ्यासारखा होई. ते म्हणत, “मापाड्यानं काट्याकडे बघावं. शेतकऱ्याच्या तोंडाकडे बघू नये, व्यापाऱ्याच्याही बघू नये.” मुलाने आपल्यामागे काट्याशी उभे राहावे, एवढीच त्यांची इच्छा. पण १९९६ साली दादा तुर्भ्याच्या अंगाला, एपीएमसी मार्केटच्या फाटकापासून हाकेच्या अंतरावरच्या एका हॉटेलात वेटर म्हणून लागला, आणि दोन वर्षांत बारच्या काउंटरमागे जाऊन उभा राहिला. तो अजून तिथेच आहे.

आत्या नातेवाइकांना ‘हॉटेलात आहे’ एवढेच सांगे. मी तेव्हा शाळेत होतो. मीही तेवढेच सांगायला शिकलो. आमच्याकडे या धंद्याचे नावच मुळी चोरटे! दारवाज्यावर ‘परमिट रूम’ असे लिहिलेले असते. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याची ती खूण. कागदोपत्री आजही पिणाऱ्याजवळ परवाना असावा लागतो. बाहेरच्या जगात मात्र या कामाला मान आहे. जेरी थॉमस नावाच्या अमेरिकन बारमनने १८६२ साली आपल्या कसबावर आख्खे पुस्तक लिहिले. १९५१ साली या लोकांची आंतरराष्ट्रीय संघटनाही निघाली. ही माहिती मी मोठ्या उत्साहाने दादाला सांगितली, तेव्हा त्याने विचारले, “त्या पुस्तकात पुरे कधी म्हणायचं ते दिलंय का?”

त्याचे काम मी एकदाच पाहिले. एका रात्री शेवटची लोकल चुकली, आणि मी त्याच्या हॉटेलात सोडा घेऊन कोपऱ्यात बसलो. चष्मा, शबनम पिशवी आणि पुढ्यात सोडा! वेटर माझ्याकडे वारंवार संशयाने पाहत होता. मी मात्र दादाकडे पाहत होतो. तीस मिलीचे आणि साठ मिलीचे अशी त्याची दोन स्टीलची मापे. माप डोळ्यांच्या रेषेत धरायचे, काठोकाठ भरायचे, पेल्यात पुरते उपडे करायचे. थेंब सांडत नव्हता, थेंब राहत नव्हता. तोंडाने कोणाशी बोलणे चालू असले तरी हात चुकत नव्हता. आतोबांचा तराजूपुढचा चेहरा मला त्या रात्री प्रथमच दादाच्या तोंडावर दिसला. दुकान मिटल्यावर प्रत्येक बाटलीतली शिल्लक वहीत उतरवायची. उत्पादन शुल्क खात्याचा माणूस कधी येऊन वही आणि बाटली ताडून पाहील याचा नेम नसतो.

अकराच्या सुमारास एक शेतकरी आला. धोतर, टोपी, खांद्यावर उपरणे, जुन्नरकडचा असावा. अडत्याकडून मिळालेली पट्टी त्याने काउंटरवर आपटली. टोमॅटोला भाव मिळाला नव्हता. गाडीभाडे आणि हमाली वजा जाता हाती फार थोडे उरले होते, आणि तेवढेही त्याला इथेच संपवायचे होते. दोन पेले झाले. तिसऱ्याला दादाने लिंबू-सोडा पुढे केला.

“पाहुणे, आजचा बार संपला.”

“पैसे रोख आहेत माझे!”

“आहेत ना. म्हणूनच म्हणतो, घरी जाऊ द्या.”

तो चिडला, नको ते बोलला, मग डोळे पुसू लागला. दादाने भात मागवला, तो जेवेपर्यंत त्याच्याशी पावसाच्या गोष्टी केल्या आणि गावाकडे परतणाऱ्या टेंपोत त्याला बसवून दिले. मालक गल्ल्यावरून हे सारे पाहत होता. तो काही बोलला नाही.

आम्ही बाहेर पडलो तेव्हा एक वाजून गेला होता. भाजी मार्केटकडे ट्रकांची रांग लागली होती. कोथिंबिरीचा ओला वास रस्ताभर पसरला होता. एकाचा दिवस संपत होता, दुसऱ्यांचा उजाडत होता. मी धीर करून विचारले, “दादा, माझ्या वर्गात उपाशीपोटी येणारी मुलं आहेत. बापाची मजुरी कुठं जाते ते मला ठाऊक आहे. तुला कधी काही वाटत नाही?”

तो बराच वेळ गप्प चालला. मग म्हणाला, “वाटतं. एक रोजचा माणूस होता. मी दोन पेल्यांवर थांबवायचो, तो पुढच्या दुकानात जायचा. गेला. त्याच्या बाराव्याला गेलो होतो मी. त्याच्या बायकोनं पाणी दिलं, पण मान वर केली नाही.”

यावर त्याने स्वतःचे समर्थन केले नाही, आणि मीही पुढे विचारले नाही. माझ्या प्रश्नाचे उत्तर मला मिळाले असे मी म्हणणार नाही. तो प्रश्न घेऊन तो रोज काउंटरमागे उभा राहतो, एवढे मात्र कळले.

हे काम सोडण्याची संधी त्याला आली होती. १ एप्रिल २०१७ पासून सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने महामार्गालगतची दारूची दुकाने बंद झाली, त्यात दादाचाही बार बंद पडला. दाणा मार्केटातल्या एका जुन्या व्यापाऱ्याने आतोबांच्या ओळखीवर त्याला गाळ्यावर गुमास्ता म्हणून घेतले. वहिनींच्या आयुष्यात प्रथमच नवरा दिवेलागणीला घरी येऊ लागला. त्या उन्हाळ्यात त्यांनी केलेल्या आमरसाची चव मला अजून आठवते. पुढे त्याच वर्षी न्यायालयाने शहरांच्या हद्दीपुरता खुलासा केला, बार पुन्हा उघडला, आणि दादा गाळा सोडून परत गेला. वहिनी दोन दिवस त्याच्याशी बोलल्या नाहीत.

मी त्याला कारण विचारले. तो म्हणाला, “गाळ्यावर काम वाईट नव्हतं रे. पण तिथं मी नसतो तरी चाललं असतं. इथं कुठली बाटली कुठल्या फळीवर आहे ते मला अंधारात कळतं. दारातून आत येणारा माणूस आज काय घेऊन आलाय, तेही कळतं. एवढं यायला मला वीस वर्षं लागली, मास्तर. ते टाकून कुठं जाऊ?”

मी मास्तरकीला कंटाळून कादंबऱ्या लिहितो आणि कादंबऱ्यांना कंटाळून वह्या तपासतो. माझ्या कामाबद्दल असे वाक्य मला कधी बोलता आले नाही. त्या दिवशी मला दादाचा थोडा हेवा वाटला.

तर त्या माहितीच्या कागदाचे काय झाले? चहा होईपर्यंत पुतणी बाहेर आली आणि म्हणाली, “काका, बाबा करतात तेच लिहा. लपवून जमलेलं लग्न मला नको. उद्या ते बाबांना मांडवात कुठं बसवतील?” वहिनी दारात उभ्या होत्या. त्यांनी पदराला हात पुसले आणि म्हणाल्या, “लिहा भावजी.” मी लिहिले: ‘वडील १९९६ पासून एकाच हॉटेलात, बारमन.’ दोन ठिकाणांहून कागद परत आला. तिसऱ्या ठिकाणचे लोक येऊन गेले आहेत. मुलाच्या वडिलांनी एकच विचारले, “इतकी वर्षं एकाच मालकाकडे?” बोलणी चालू आहेत.

लक्ष्मीपूजनाला मार्केटात व्यापारी वह्या आणि तराजू पुजतात. दादाच्या घरी पाटावर आतोबांचा पितळी शेर असतो, मेट्रिक मापे येण्यापूर्वीचा. गेल्या दिवाळीला मी गेलो तेव्हा त्याच्या शेजारी तीस मिलीचे स्टीलचे माप लखलखीत घासून ठेवलेले होते. दोन्हींना हळदकुंकू लावलेले होते.

“हे कोणी मांडलं?” मी विचारले.

दादाने स्वयंपाकघराकडे बोट दाखवले. आत वहिनी करंज्यांचे ताट भरीत होत्या.