उचल

मी भित्रा नाही. मार्चअखेरीला रात्री अकरा वाजता ताळा जुळला नाही, तरी माझी झोप उडत नाही, साहेबांची उडते. भीती म्हणाल तर एकाच गोष्टीची, विमानाची. तीही २०१७ पर्यंत कुणाला कळली नव्हती, कारण 'आपल्याला कुठलं परवडायला!' ही अत्यंत प्रतिष्ठित सबब माझ्याजवळ होती. सरकारनं ती काढून घेतली. २७ एप्रिल २०१७ ला 'उडान' योजनेत नांदेड-हैदराबाद विमान सुरू झालं आणि निम्म्या जागांचं भाडं तासाला अडीच हजारांच्या आत बांधून दिलं. मी नांदेडात नोकरीला, बहीण हैदराबादला आणि तिचं बाळंतपण तोंडावर. मेहुण्यानं आईचं आणि माझं, अशी दोन तिकिटं परस्पर काढून पाठवली. मेहुणे मंडळींचा उदारपणा असा नेमका भलत्या वेळी उफाळून येतो.

त्यातच २५ मे ला निलंग्याला मुख्यमंत्र्यांचं हेलिकॉप्टर उडता उडता खाली आलं. सगळे सुखरूप होते. पण आमचे हेड कॅशिअर बातमी तिथपर्यंत वाचत नाहीत. "निलंगा म्हणजे तुमच्या लातूरकडंच की हो!" एवढंच ते दिवसातून चारदा म्हणाले.

विज्ञानानं धीर येतो म्हणतात, म्हणून एका शास्त्राच्या मास्तरांना गाठलं. ते म्हणाले, "सोपं आहे. पंख हवेला खाली ढकलतो, त्या बदल्यात हवा विमानाला वर उचलते. जोवर वेग आहे तोवर उचल मिळत राहते." मी कॉमर्सचा पदवीधर, त्यातून बँकेतला. 'उचल' या शब्दाचा एकच अर्थ मला शिकवलेला: आज ना उद्या सगळी परत करावी लागते.

आई लातूरहून एसटीनं आली. सोबत डिंकाच्या लाडवांचा डबा. तिला विमानाबद्दल एकच शंका होती, डबा मांडीवर ठेवू देतील का?

इथं आईबद्दल थोडं सांगायला हवं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, आदल्या रात्री गणपती बोळवून गाव झोपलेलं असताना किल्लारीचा भूकंप झाला. किल्लारी आमच्यापासून चाळीसेक किलोमीटर. लातुरातलं आमचं घर वाचलं. आईच्या माहेरचं वाचलं नाही. दगडमातीच्या हातभर रुंद भिंती, वर माळवद. त्याखाली तिचा धाकटा भाऊ आणि भावजय गेले. त्यानंतर वर्षभर आम्ही अंगणात झोपलो. घरात आलो तेव्हा आईनं दाराशी एकावर एक पालथे पेले रचायला सुरुवात केली. पेले वाजले की पळायचं. मांजरानं आम्हाला किती वेळा अंगणात काढलं, त्याची गणती नाही. पेले आजही असतात. आईचं अंथरूणही दाराशीच.

अशा बाईला घेऊन मी विमानात बसलो, म्हणजे खरं तर तिनं मला बसवलं. छोटंसं पंखेवालं विमान. पंखे फिरले, विमान धावलं, माझं पोट नांदेडलाच राहिलं आणि खाली गोदावरी दोऱ्याएवढी झाली. हवाईसुंदरीनं पाणी दिलं. ते ग्लासात थरथरत होतं. मी डोळे वटारून त्याच्यावर पहारा ठेवला. लहानपणची सवय.

"असा का बसलास रे? पोट दुखायलंय का?"

"नाही."

"भ्यायलास?"

मी ग्लासाकडं बोट दाखवलं. आईनं पाहिलं. ज्या बाईला फुलपात्र कलंडलं की चप्पल सुचत नाही, ती निवांत म्हणाली, "हलंना का! खाली जमीन नाही, डोक्यावर माळवद नाही. इथं काय पडायलंय?"

ज्यानं ते वापरायचं तेच विमान पडू शकतं, हा मुद्दा माझ्या ओठांवर आला होता. पण तोवर तिनं मान मागं टाकली होती. चोवीस वर्षांत आईला दारापासून इतक्या लांब गाढ झोपलेली मी पहिल्यांदाच पाहत होतो. तोंड किंचित उघडं, डबा मांडीवर. मधे विमानानं दोन आचके दिले. मी मारुतीरायाला सगळं व्याजासकट कबूल केलं. ती हललीसुद्धा नाही.

हैदराबाद आलं. विमान खाली झुकलं, घरं मोठी व्हायला लागली आणि मला एकदम हुशारी आली. सुटलो! परत जाताना रेल्वेनं जायचं, हेही ठरवून टाकलं. चाकं टेकायच्या बेतात होती, तेवढ्यात माझ्या मनगटाला घट्ट मिठी बसली. आई खडखडीत जागी होती. दुसऱ्या हातानं तिनं डबा पोटाशी धरला होता.

"धरून बस," ती म्हणाली. "जमीन आली."