कानशीची मूठ

लहानपणी अण्णा माझे दात घासून देत. एन्नोरच्या आमच्या भाड्याच्या घरात मागच्या दारी सिमेंटची मोरी होती. तिच्या कठड्यावर मला बसवून, डाव्या हाताने माझी हनुवटी धरून, उजव्या हाताच्या तर्जनीने ते राखुंडी लावीत. ती पलूसहून आजी पाठवी. दुकानात टूथपेस्ट मिळत असे, पण अण्णांचा विश्वास गोवऱ्यांच्या राखेवर अधिक. ‘हिरडीला दुखवू नये आणि दाताला सोडू नये,’ असे ते म्हणत. कामगार म्हणूनही ते तसेच होते. किर्लोस्करवाडीच्या कारखान्यात हात घडवून 1966 साली ते एन्नोरला अशोक लेलँडच्या टूल-रूममध्ये फिटर म्हणून आले. शतांश मिलिमीटरचा फरक मायक्रोमीटरच्या आधी बोटाला कळतो, हे त्यांचे आवडते वाक्य. आम्ही वडिलांना अण्णा म्हणतो याचे शेजारच्या तमिळ मुलांना हसू येई. त्यांच्या भाषेत अण्णा म्हणजे थोरला भाऊ.

तोच हात 2008 साली कापू लागला. त्याच्याही आधी वास गेला होता. कोसस्थलैयारच्या खाडीकडून येणारा सुकत्या मासळीचा दर्प अण्णांना जाणवेनासा झाला, तेव्हा आम्ही थट्टा केली की एन्नोरात राहणाऱ्याला हे वरदानच आहे. पार्किन्सनच्या आजारात हे लक्षण कंपाच्या कित्येक वर्षे आधी येऊ शकते, हे पुढे कळले. मग अक्षर बारीक होत गेले, चेहरा निश्चल झाला, आणि मांडीवर ठेवलेल्या हाताचा अंगठा व तर्जनी गोळी वळल्यासारखी हलू लागली.

मेंदूच्या डॉक्टरांनी निदान अचूक केले. मद्रास हे या विद्येचे जुने पीठ. 1960 च्या दशकात, लेव्होडोपा सर्वत्र पोचण्यापूर्वी, डॉ. बी. राममूर्ती आणि त्यांचे सहकारी येथे कंप थांबवण्यासाठी मेंदूच्या खोल भागात शस्त्रक्रिया करीत असत. अण्णांना गोळ्या लागू पडल्या. शर्टाची बटणे ते पुन्हा स्वतः लावू लागले. दर तीन महिन्यांच्या भेटीत त्यांचे चालणे पाहिले जाई, मनगट वाकवून पाहिले जाई. तोंड उघडून मात्र कोणी पाहिले नाही. जेम्स पार्किन्सनने 1817 साली या आजारावर पहिला निबंध लिहिला. त्यात रुग्णाच्या तोंडातून गळणाऱ्या लाळेची आणि घास गिळताना होणाऱ्या त्रासाची नोंद आहे. पुढे मात्र मेंदू एका दालनात गेला, दात दुसऱ्या दालनात, आणि तोंड मधल्यामध्ये बेवारस राहिले.

दोष केवळ डॉक्टरांचा नव्हता. अण्णा सकाळी न्हाणीघरात जात, दार लावीत, काही वेळाने तोंड पुसत बाहेर येत. आत ब्रश हातातून निसटत होता, हे आम्हाला तीन वर्षे कळले नाही. माणसाचे दात घासून होतात, हे आपण किती सहज गृहीत धरतो!

2011 साली त्यांचा जबडा सुजला, तेव्हा मी त्यांना शहरातल्या एका दवाखान्यात नेले. दोन तास बाकावर बसवून ठेवल्यामुळे सकाळच्या गोळीचा अंमल उतरला होता. दंतवैद्याने खुर्ची सपाट केली आणि पाण्याचा फवारा सोडला. अण्णांचे गिळणे मंदावलेले. ते गुदमरले, खोकू लागले. ‘डोके स्थिर ठेवा,’ असे त्यांना पुन्हा पुन्हा बजावण्यात आले. शेवटी सल्ला मिळाला की सारेच दात काढून कवळी बसवावी. मला तो सोयीचा वाटला, हे कबूल केले पाहिजे. परतीच्या लोकलमध्ये अण्णा गप्प होते. एन्नोर स्टेशन आले तेव्हा, आजाराने क्षीण झालेल्या आवाजात, एवढेच म्हणाले, ‘मी मुद्दाम हलत नव्हतो.’

त्या वाक्याने मला दुसरे दार शोधायला लावले. तिरुवोट्रियूरच्या एका गल्लीत एक तरुण दंतवैद्या बसत. त्यांनी दातांविषयी काही विचारण्याआधी विचारले, ‘अय्या, गोळी किती वाजता घेता?’ साडेआठला, असे सांगताच त्यांनी साडेनऊची वेळ दिली, म्हणजे औषधाचा अंमल भरात असताना. सर्व गोळ्यांची यादी मागितली, कारण सुन्न करणाऱ्या इंजेक्शनातल्या अ‍ॅड्रिनॅलिनशी त्यांतल्या काहींचे जुळत नाही. कंपावरच्या एका गोळीने लाळ आटते आणि कोरड्या तोंडात दात लवकर किडतात, हेही त्यांनीच सांगितले. खुर्ची अर्धी उभी ठेवली, मानेखाली उशी दिली, पाणी सतत नळीने ओढून घेतले. अण्णांच्या चेहऱ्यावर वेदना उमटत नसे. म्हणून ठरले की दुखले तर डावा हात उचलायचा. तरी ‘वलिक्कुदा?’ म्हणजे ‘दुखते का?’ असे त्या मधूनमधून विचारीत आणि नजर उजव्या हातावर ठेवीत, कारण भीतीने व वेदनेने कंप वाढतो. काम संपल्यावर लगेच उठू दिले नाही. या आजारात एकदम उभे राहिले की रक्तदाब घसरतो.

कवळीचे नाव काढताच त्या म्हणाल्या की तोंडातली कवळी गाल, ओठ आणि जीभ मिळून सांभाळतात. ज्यांचे स्नायू ऐकत नाहीत त्यांनी आपले दात जपावेत. त्यांच्याकडे फेफऱ्यावरच्या फेनिटॉइनने हिरड्या वाढलेले रुग्ण येत. चेहऱ्याच्या मज्जातंतूच्या कळा दाढदुखी समजून निरोगी दाढा काढून बसलेलेही येत. ‘दुखते दातात; पण चूक कधी तारेत असते,’ असे त्या म्हणाल्या. अण्णांना ही भाषा समजली.

ब्रशचा दांडा जाड हवा, एवढे त्यांनी सुचवले. घरी येताच अण्णांनी जुनी हत्यारपेटी उघडायला लावली. तीत कानशीला बसवायची लाकडी मूठ होती. मापे त्यांनी सांगितली, भोक मी पाडले, आणि ब्रशचा दांडा त्या मुठीत घट्ट बसवला. चार वर्षे तो ब्रश त्यांच्याच हातात राहिला.

मग तीही ताकद गेली. पहिल्या दिवशी मी संकोचाने त्यांची हनुवटी धरली. वडिलांच्या तोंडात बोट घालणे हे सेवेपेक्षा अधिक काही असते. दोघांनाही त्यासाठी काहीतरी खाली ठेवावे लागते. मी भीत भीत वरवर ब्रश फिरवत होते. त्यांनी कापत्या हाताने माझे मनगट धरले आणि पुटपुटले, ‘दाताला सोडू नकोस.’

एन्नोरात राखेला तोवर निराळा अर्थ आला होता. औष्णिक वीजकेंद्रांची राख खाडीत साचून पाणी उथळ झाले होते. ‘एवढी राख, पण दाताला लावायला चिमूटभर नाही,’ असे अण्णा म्हणत. येथले जुने केंद्र 2017 मध्ये बंद झाले.

2019 साली अण्णा न्यूमोनियाने गेले. या आजारात पुष्कळांचा शेवट तसाच होतो. लाळेबरोबर तोंडातले जंतू श्वासनळीत उतरतात, म्हणूनच तोंड स्वच्छ ठेवायचे असते. त्याने मरण टळत नाही. पण अखेरपर्यंत ते स्वतःच्या दातांनी, सावकाश का होईना, घास चावत होते, आणि चेहरा हसू शकत नव्हता तरी ओठ विलगले की दात दिसत. त्यांची जाडजूड फाईल अजून माझ्याकडे आहे. चालणे, मनगट, अक्षर, रक्तदाब, सर्वांची तारीखवार नोंद तीत आहे. तोंडासाठी एक ओळसुद्धा नाही.