पानांचे मोल भिडूच्या पानांवरून

ब्रिजमध्ये तेरा पाने हाती आली की त्यांची ताकद मोजण्याची जी रीत बहुतेक खेळाडू प्रथम शिकतात, तिच्यात एक्क्याला ४, राजाला ३, राणीला २ आणि गुलामाला १ गुण मिळतो. मिल्टन वर्क यांच्या नावाने ओळखली जाणारी आणि चार्ल्स गोरेन यांनी विसाव्या शतकाच्या मध्याला सर्वदूर पोहोचवलेली ही मोजणी सोपी आहे, म्हणूनच ती टिकली. चारही रंग मिळून ४० गुण होतात, आणि दोन भिडूंकडे त्यांपैकी २५-२६ असले की इस्पिक किंवा बदाम हुकूम ठरवून तेरापैकी दहा हात करण्याची बोली सहसा पार पडते, असा तिचा ठोकताळा आहे. हुकूम न ठरवता खेळायचे असेल आणि दोघांचीही पाने चारही रंगांत सारखी विभागलेली असतील, तर हा आधार बऱ्यापैकी भरवशाचा ठरतो. मात्र तेथेही एक्क्याला थोडे कमी आणि राणी-गुलामांना थोडे जास्त माप मिळते, हे ध्यानात ठेवावे लागते.

हुकूम ठरला की चित्र बदलते, कारण ज्या रंगात एकच पान आहे त्या रंगाचा दुसरा हात हुकमाने कापता येतो, आणि या सामर्थ्याची नोंद चित्रांच्या गुणांत कोठेच होत नाही. ती उणीव भरून काढण्यासाठी जाणारे हात मोजण्याची पद्धत आली. तिच्यात प्रत्येक रंगाच्या वरच्या तीन पानांकडे पाहून एक्का, राजा, राणी यांपैकी जेवढी नाहीत तेवढे हात जाणार असे धरतात, रंगात तीनपेक्षा कमी पाने असतील तर तेवढ्यांचाच विचार करतात, आणि दोन्ही भिडूंची बेरीज २४ मधून वजा करून मिळणारे हात काढतात.

या दोन्ही पद्धती कोठे अपुऱ्या पडतात, हे एका डावावरून दिसते. एका भिडूकडे इस्पिकचा एक्का-राजा धरून पाच पाने, बदामाची केवळ पंजी, चौकटच्या एक्क्यासह चार आणि किलवरच्या राजासह तीन पाने आहेत: १४ गुण, जाणारे हात ६. समोरच्याकडे इस्पिकची राणी धरून चार, बदामाची चार बारीक पाने, चौकटच्या राजासह तीन आणि किलवरच्या राणीसह दोन पाने आहेत: ७ गुण, जाणारे हात ९. गुणांची बेरीज अवघी २१ होते आणि दुसरी पद्धत नऊच हात देते. तरीही हुकमांची वाटणी फार वाईट नसेल तर बदाम, चौकट आणि किलवर यांचा प्रत्येकी एकच हात जातो, तिसरे किलवर व चौथी चौकट समोर कापली जाते आणि दहा हात पुरे होतात.

आता समोरच्याकडे तेवढेच ७ गुण, पण चौकट आणि किलवरमधील चित्रांऐवजी बदामाचे राजा-राणी ठेवून पाहावे. जाणारे हात ८ वर येतात, म्हणजे कागदावर पाने सुधारली. प्रत्यक्षात मात्र प्रतिस्पर्ध्यांनी चौकटने सुरुवात केली तर बदामाचा एक, चौकटचे दोन आणि किलवरचा किमान एक हात जाऊन बोली बुडते. ज्या रंगात भिडूकडे एकच पान आहे, त्यात राजा-राणी खर्ची पडलेले असतात. पानांचे मोल असे भिडूच्या पानांवर ठरते, म्हणून लिलावात प्रत्येक बोलीनंतर ते नव्याने ठरवावे लागते. पहिल्या अंदाजाला अखेरपर्यंत चिकटून राहणे हा या खेळातील सर्वांत महागडा हट्ट होय.

सुदैवाने याच डावात योग्य माहिती मिळवण्याची सोय बोलीत आहे. एक इस्पिकला दोन इस्पिक असे समर्थन मिळाल्यावर पहिल्या भिडूने तीन बदाम बोलून त्या रंगात आपल्याकडे जेमतेम एक पान असल्याचे कळवावे, असा संकेत काही जोड्या ठेवतात. बारीक बदाम असलेला भिडू मग निःशंकपणे चार इस्पिकवर जातो आणि राजा-राणी असलेला तीन इस्पिकवर थांबतो. नव्या भिडूबरोबर खेळायला बसण्यापूर्वी गुणांच्या मर्यादा ठरवण्यात वेळ घालवणाऱ्या खेळाडूंनी त्यातील काही मिनिटे तरी या एका संकेतासाठी राखून ठेवावीत.