'मोठा खुर्ची'

अक्कलकोट तालुक्यातील दुधनी हे सीमेवरचे गाव. तिथून येणाऱ्या, घरी कानडी बोलणाऱ्या विद्यार्थ्याने 'मोठा खुर्ची' लिहिले, की आम्ही तांबडी रेघ ओढत असू. कानडीत खुर्ची नपुंसकलिंगी, विशेषण अविकारी. तिथे ही चूक संभवतच नाही.

संगणकाच्या भाषांतही असे दोन संप्रदाय आहेत. जावास्क्रिप्ट वस्तूला ऐनवेळी कोणताही गुणधर्म चिकटवू देते. टाइपस्क्रिप्टने २०१६ साली 'कीऑफ' आणले: गुणधर्म ऐनवेळी निवडा, मात्र नाव त्या वस्तूच्या ठाऊक गुणधर्मांपैकीच हवे, मूल्यही त्याच गुणधर्माच्या प्रकाराचे. चूक प्रोग्रॅम चालण्यापूर्वीच, कारणासह कळते.

मराठीही विशेषण निवडू देते, फक्त लिंगवचनाचा मेळ मागते. तो नियम आम्ही आधी कधी सांगितलाच नाही. रेघ मात्र नेमाने ओढली.