आवारातील वड

आमच्या गृहनिर्माण संस्थेच्या आवारातील वड इमारतीहून जुना आहे. गेल्या वार्षिक सभेत तो तोडण्याचा ठराव आला, तेव्हा सांगितलेली कारणे खोटी नव्हती. कुंपणाच्या भिंतीला तडा गेला होता, मोटारींवर पक्ष्यांची विष्ठा पडत होती आणि पानांचा कचरा तर रोजचाच. ३४ वर्षे बँकेत कर्जप्रकरणे तपासल्याने मला मात्र मालमत्तेचे मूल्य पाहिल्याखेरीज ती निर्लेखित करण्यावर सही करवत नाही. इमारतीवर दरवर्षी घसारा आकारावा लागतो. वडाची सावली दरवर्षी वाढते.

कायद्याचीही बाजू होती. नागरी क्षेत्रातील झाडांना महाराष्ट्रात १९७५ च्या अधिनियमाचे संरक्षण असून फांद्या छाटण्यासही परवानगी लागते. २०२१ च्या दुरुस्तीने ५० वर्षे वा त्याहून अधिक वयाच्या झाडाला वारसा वृक्ष मानले आहे. ठराव बारगळला आणि सांभाळण्याचे काम, अपेक्षेप्रमाणे, माझ्याकडे आले.

प्रथम खोडाला भिडलेले पेव्हर ब्लॉक काढले, कारण मुळांना हवा आणि पाणी दोन्ही मिळत नव्हते. जाड मूळ तोडले असते तर वादळात झाडच कलंडण्याचे भय. म्हणून भिंतीचा तेवढा भाग पाडून मुळावरून तुळई टाकली. भिंत पुन्हा बांधता येते. वीजतारांसाठी एकाच बाजूच्या फांद्या वर्षानुवर्षे छाटल्या गेल्याने सगळा भार दुसऱ्या बाजूला झुकला आहे. तिकडच्या पारंब्या मुलांच्या डोक्याला लागतात म्हणून पहारेकरी कापून टाकीत असे. खरे तर त्याच त्या फांदीचे भावी खांब. आता दोन पारंब्या माती भरलेल्या पोकळ बांबूंतून जमिनीकडे उतरवल्या आहेत. कोलकात्याजवळच्या शिबपूर उद्यानातील महावटाचे मूळ खोड बुरशीने कुजल्यामुळे १९२५ साली काढून टाकले गेले, तरी तो पारंब्यांच्या आधारावर आजही उभा आहे.

वडाचे फळ आपण वर्ज्य मानतो. पंच उदुंबरांत त्याची गणना होते. त्या फळात सूक्ष्म गांधीलमाश्या जन्मतात आणि त्यांच्यावाचून वडाचे परागीभवन होत नाही, असे वनस्पतिशास्त्र सांगते. एवढे जीव ज्यात नांदतात ते झाड पाडणे आपल्याला कसे मानवावे, असे मी सभेत विचारले होते. उत्तर कोणी दिले नाही. भिंतीच्या खर्चाची वर्गणी मात्र दोन सभासदांकडून अजून यायची आहे.