पातीच्या टोकाला

सोयाबीनची सोंगणी लागली की वाशीमकडच्या मालेगावच्या चहूबाजूंच्या वावरांत माणसांची तोंडं दिसत नाहीत, नुसत्या पाठी दिसतात. दसऱ्याच्या आगेमागे अकोल्याहून वाशीमकडे जाणाऱ्या रस्त्यानं या. पिवळं पडलेलं पीक, लुगड्यावर चढवलेले पुरुषी शर्ट, डोक्याला घट्ट बांधलेले रुमाल आणि जमिनीला समांतर झालेल्या बायांच्या पाठी. सोयाबीनचं झाड बुटकं, शेंगा पार खालपर्यंत लागलेल्या आणि विळा घालायचा तो बुडाशी. वाकल्याशिवाय हे पीक घरात येत नाही.

आपल्या वाट्याच्या ओळींची पात संपली की प्रत्येक बाई एक गोष्ट करते. विळा खाली ठेवते, दोन्ही हात कंबरेच्या मागे रोवते, पोट पुढे काढून मागे झुकते आणि क्षणभर आभाळाकडे पाहते. "माय वं!" एवढे दोनच शब्द तोंडून निघतात. मग पुढची पात.

हे तिला कोणी शिकवलेलं नाही, पण शरीरशास्त्राच्या पुस्तकातही याहून चांगला उपाय सापडायचा नाही. दोन मणक्यांच्या मधल्या चकतीला मोठेपणी स्वतःचा रक्तपुरवठा जवळजवळ नसतो. दाब पडतो तेव्हा तिच्यातलं पाणी बाहेर जातं, दाब सुटतो तेव्हा ते पोषण घेऊन परत येतं. म्हणून एकाच जागी धरून ठेवलेली पाठ उपाशी राहते, मग ती वाकलेली असो की खुर्चीत ताठ बसवलेली. "ताठ बस, ताठ बस" म्हणून आपण मुलांच्या मागे लागतो, ते प्रेमानंच. पण पाठीला ताठपणाइतकीच हालचाल हवी असते. फिजिओथेरपिस्ट आता हेच सांगतात की एकच एक आदर्श बैठक नसते, बैठक बदलत राहावी.

पातीच्या टोकाचा तो क्षण मला म्हणून फार मोलाचा वाटतो, आणि तोच नाहीसा होताना दिसतो. सोंगणी आता बहुतेक ठिकाणी गुत्त्यानं जाते. एकराचा भाव ठरतो. जितकं लवकर आटपेल तितकी दुसऱ्या वावरात जायची सोय. अशा हिशेबात कंबर सरळ करायला थांबणं म्हणजे पैसा सोडणं. संध्याकाळी टेम्पोतून उतरणाऱ्या बाया पाहा. पहिली काही पावलं त्या वाकूनच टाकतात.

हे आपल्याकडेच घडतं असं नाही. कॅलिफोर्नियाच्या शेतांत एके काळी मजुरांना फूट-दीड फूट दांड्याचं खुरपं देत. स्पॅनिश बोलणारे मेक्सिकन मजूर त्याला 'एल कोर्तितो' म्हणत. सलाड आणि बीटच्या ओळी विरळ करायला हेच हवं, असं मालकांचं म्हणणं. दुसरा फायदा मुकादमांचा होता: लांबून नजर टाकली की कळायचं, ज्याची पाठ वाकलेली तो कामाला, ज्याची सरळ तो कामचुकार. पाठी कायमच्या गेलेले मजूर आणि डॉक्टर साक्षीला उभे राहिले, प्रकरण राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि १९७५ मध्ये त्या खुरप्यावर बंदी आली. लांब दांडा हातात आला. सलाड पिकत राहिलं. तिथल्या मजुरांचं कंबरडं शेताच्या गरजेपायी मोडलं नव्हतं. ते लाकडाच्या दोन-तीन फुटांपायी मोडलं होतं, ही गोष्ट माझ्या मनातून जात नाही.

आमच्या बसस्टँडवर दिसणारी मान वेगळ्या कारणानं खाली असते. कॉलेजला जाणारी पोरं मोबाइलवर झुकलेली. न्यू यॉर्कच्या एका मणक्याच्या शल्यचिकित्सकानं २०१४ मध्ये संगणकावर गणित मांडलं. साधारण पाच किलोचं डोकं साठ अंशांत पुढे झुकलं तर मानेवरचा भार सत्तावीस किलोंपर्यंत जातो, म्हणजे जवळपास सोयाबीन बियाण्याची थैली मानेवर घेऊन बसल्यासारखं. हे गणितच आहे, जिवंत मानेवर केलेलं मोजमाप नव्हे. त्यात घाबरण्यासारखं काही नाही. मोबाइल डोळ्यांच्या पातळीला आणला आणि अधूनमधून मान वर काढून एसटी आली का पाहिलं, तरी बरंच साधतं.

मला जास्त लागते ती पोरींची मान. दहा-अकरा वर्षांची होईपर्यंत वाऱ्यासारखी धावणारी पोर एकदम खांदे पुढे घेते, दप्तर छातीशी धरते, पोक काढून चालू लागते. तिच्या पाठीवर ना विळ्याचं ओझं, ना गुत्त्याचं. तिला वाकवतात त्या रस्त्यावरच्या नजरा आणि घरातली शिकवण. पोराला आपण सांगतो, छाती काढून चाल; पोरीला सांगतो, खालमानेनं जा, खालमानेनं ये. मग तीच पोर मुलाखतीत बोलत नाही म्हणून तिला व्यक्तिमत्त्व विकासाच्या वर्गाला घालतो.

ताठ उभं राहिलं की आत्मविश्वास येतो, असं या वर्गांत सांगतात. २०१० मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी तसं मांडलंही होतं: दोन मिनिटं रुबाबात उभे राहा, शरीरातली संप्रेरकं बदलतात. पुढे मोठ्या गटावर तोच प्रयोग केला तेव्हा संप्रेरकांचं काही जुळलं नाही, आणि मूळ संशोधकांपैकी एकीनं २०१६ मध्ये जाहीरपणे आपला त्यावर विश्वास उरला नसल्याचं सांगितलं. लोकांना आतून थोडं बळ वाटतं, एवढं मात्र टिकलं. मला तेवढंही पुरेसं वाटतं. पण उलटा प्रवास मी अधिक पाहिला आहे. बचत गटाचं खातं उघडायला बँकेत गेलेली बाई पहिल्यांदा खिडकीशी अंग चोरून उभी राहते. वर्षभरानं तीच पासबुक पुढे सरकवून हिशेब विचारते, तेव्हा तिचे खांदे आपोआप मागे गेलेले असतात.

आमच्या तालुक्यातल्या शिरपूरला जैनांचे अंतरिक्ष पार्श्वनाथ आहेत. मूर्ती जमिनीला टेकत नाही, अशी भाविकांची श्रद्धा. मला तिथे दरवेळी दिसते ती त्या बसण्यातली सहजता: कणा सरळ, पण कुठेही ओढाताण नाही, खांदे सैल, हात मांडीवर. ताठरपणा आणि ताठपणा यांतलं अंतर मूर्तीत इतकं स्वच्छ उतरलेलं मी दुसरीकडे पाहिलेलं नाही.

वावरात हे कसं आणायचं? सोंगणीत वाकणं टळत नाही, पण कंबर गोल करून वाकण्याऐवजी गुडघे किंचित सैल सोडून खुब्यातून वाकता येतं. दातेरी विळ्याला झटका कमी लागतो. गुत्ता ठरवतानाच पातीच्या टोकाचा थांबा आणि झाडाखालचं पाणी धरून भाव ठरवता येतो. तो ठरवायचं काम वावराच्या धन्याचं, मजुराच्या हिमतीवर सोडायचं नाही. निंदणाला मात्र लांब दांड्याचं खुरपं किंवा सायकलच्या चाकाचं कोळपं दोन ओळींमध्ये उभ्यानं चालतं, आणि त्याचा खर्च फार नाही. दांडा बसवून घ्यायला सुताराकडे जाल तेव्हा ते चालवणाऱ्या बाईला सोबत न्या, कारण माप तिच्या उंचीचं घ्यायचं आहे.