वितळलेला पिस्टन

कलाशाखेच्या विद्यार्थ्याने वार्षिकांकात पिस्टनवर लिहावे, हे काही वाचकांना विचित्र वाटेल. परंतु आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. आधीची सारी विद्या ग्रीस लागलेली. वडील सातवी पास. हायवेच्या कडेला त्यांचे गॅरेज आहे.

इंजिनात इंधन पेटते तेव्हा आतील वायूचे तापमान २००० अंश सेल्सिअसच्या वर जाते. पिस्टन मात्र अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचा. आणि शुद्ध अ‍ॅल्युमिनियमसुद्धा ६६० अंशांनाच वितळते. मग तो रोज का वितळत नाही? कारण ती आग क्षणभराची असते, आणि अंगात शिरलेली उष्णता तो रिंगांवाटे लायनरला व खालून ऑइलला देऊन मोकळा होतो. हा हिशेब बिघडला की पिस्टन गेला. कुठे बिघडला, हे शोधणे हीच खरी मिस्त्रीगिरी.

गेल्या उन्हाळ्यात वडापची एक डिझेल जीप ओढून आणली. हेड खोलले, तर तिसऱ्या पिस्टनच्या माथ्याला बोट जाईल एवढे भोक! मालकाने उभ्या उभ्या निकाल दिला, "पाणी संपलं तरी यानं गाडी दामटली. खर्च याच्या पगारातनं कापणार." ड्रायव्हरकाका पन्नाशीचे. ते एवढेच म्हणाले, "काटा वर गेलाच नव्हता, शेठ."

वडिलांनी कुणाचीच बाजू घेतली नाही. चारही पिस्टन काढून, पुसून फळीवर ओळीने मांडले. म्हणाले, "पाणी नसतं तर चौघांनाही ताप आला असता. फुगून लायनरला घासले असते, अंगावर उभे ओरखडे दिसले असते." ओरखडे कुठेच नव्हते. बेअरिंगही चकचकीत, म्हणजे ऑइलची तक्रार नाही. पिस्टनवर खालून ऑइल मारणारी बारीक नळीही मोकळी होती. मग त्यांनी तिसरा पिस्टन उजेडाकडे धरला. नोझलमधून डिझेलचा फवारा जिथे पडतो, नेमक्या त्याच रोखाने धातू वितळत गेला होता. धुक्यासारखे उडायचे ते डिझेल थेंबाथेंबाने माथ्यावर पडून तिथेच जळत होते. (गाडी पेट्रोलची असती तर त्यांनी आधी प्लग आणि टायमिंग पाहिले असते.) इतिहासाच्या तासाला आम्ही साधनांची चिकित्सा शिकतो, ती गॅरेजातही चालते, हे मला कुणी सांगितले नव्हते.

बोलता बोलता निघाले की दोन महिन्यांपूर्वी मालकाने पैसे वाचवायला एक जुना नोझल बसवून घेतला होता. तेव्हापासून काळा धूर येतो, सकाळी इंजिन ठकठक करते, असे काका सांगत होते, ऐकतो कोण?

वडिलांनी चारही नोझल तपासणीला पाठवले. मशीनवर दाब दिला की चांगला नोझल 'कर्र' आवाज करून बारीक फवारा सोडतो. तिघांनी सोडला. चौथा गळक्या नळासारखा टपटपत राहिला. तो तिसऱ्या सिलिंडरचा होता.

मालकाने माफी वगैरे मागितली नाही, फक्त नव्या नोझलचा भाव विचारला. काका मात्र माझ्याकडे वळून म्हणाले, "तू शिकलेला हाईस, एवढं कागदावर लिहून दे. उद्या शेठ विसरतील." मी बिलबुकाच्या पानामागे सारे क्रमाने लिहिले. वडिलांनी वाचून पाहिले, एक शब्द खोडायला लावला आणि खाली सही केली. काकांनी कागदाची घडी घालून ती लायसनच्या पाकिटात ठेवली.